‘फायबर’ फुटलं, पण कोणतं?

मागच्या उन्हाळ्यात माझ्या गाडीच्या मागच्या बंपरला वीतभर चीर गेली. पार्किंगमधला खांब पुढे सरकला असावा, कारण मी तर गाडी सरळच मागे घेत होतो. गॅरेजवाला वाकला, बंपरवर टिचकी मारली आणि म्हणाला, “फायबर आहे भाऊ. काचेची मॅट मारून देतो, लोखंडापेक्षा पक्कं होते.” त्यानं मॅट बसवली, लांबी भरली, घासली, रंग मारला. काम खरोखर देखणं झालं. जुलैत दोन-चार मोठे पाऊस झाले आणि तो सगळा थर अख्खाच्या अख्खा सुटून हातात आला, भाजलेल्या पापडासारखा. थराच्या आतल्या बाजूवर चिरेचा ठसा उमटला होता, पण बंपरवर रेझिनचा एक ठिपकाही चिकटलेला नव्हता.

गॅरेजवाल्याचा हात वाईट नव्हता. घोटाळा शब्दाचा होता.

‘पत्रा नाही म्हणजे फायबर’

नागपुरात गाडीचा जो भाग लोखंडी नाही तो फायबर. बंपर फायबर, आरशाचं कव्हर फायबर, मडगार्ड फायबर, घरच्या कूलरची बॉडीही फायबर. प्रत्यक्षात या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या जाती राहतात.

पहिली जात साध्या प्लास्टिकची. आजच्या बहुतेक गाड्यांचे बंपर पॉलिप्रॉपिलीनचे, म्हणजे पीपीचे असतात. त्यात थोडं रबर आणि शंखजिऱ्याची पूड मिसळलेली असते. काही भाग एबीएसचे असतात. ही प्लास्टिकं मेणासारखी आहेत: तापवली की मऊ होतात, थंड झाली की पुन्हा घट्ट.

दुसरी जात खऱ्या फायबरग्लासची, म्हणजे एफआरपीची. काचेच्या धाग्यांची मॅट आणि तिला पाजलेलं रेझिन. रेझिन एकदा घट्ट झालं की पुन्हा कधीच वितळत नाही. अंडं एकदा उकडलं की ते परत पातळ होत नाही, तसंच हे.

आता माझ्या बंपरचं काय झालं ते कळेल. पीपीवर पॉलिएस्टर रेझिन धरतच नाही. तेलकट तव्यावर डिंकानं कागद चिकटवावा, तशी ती दुरुस्ती होती. पीपीला त्याच जातीच्या कांडीनं गरम वेल्डिंग करावं लागतं, नाहीतर गरम पिनांचे टाके घालावे लागतात, किंवा पीपीसाठीचं खास प्रायमर लावून मग प्लास्टिकचा चिकटा वापरावा लागतो.

नावाचा हाच घोटाळा अख्ख्या गाडीबाबतही होतो. मे २०१७ मध्ये ओला आणि महिंद्र यांनी नागपुरात विजेवरच्या टॅक्सींचा प्रयोग सुरू केला. त्या ताफ्यातल्या ‘ई२ओ प्लस’ गाड्यांनाही लोक सर्रास ‘फायबरची गाडी’ म्हणायचे. तिचे पॅनल होते प्लास्टिकचे, रंग आतच मिसळलेले. फायबरग्लासशी त्यांचं नातं फक्त टिचकीच्या आवाजापुरतं.

मग खरं फायबरग्लास कुठे भेटतं? बसच्या पुढच्या-मागच्या तोंडाला, ट्रॅक्टरच्या छताला, काही ई-रिक्षांच्या दर्शनी भागाला, जुन्या जीपवर मागाहून चढवलेल्या टपाला, आणि हौसेनं लावलेल्या बॉडीकिटला. पूर्ण अंगानं फायबरग्लासच्या गाड्याही आपल्याकडे झाल्या. बंगळुरूच्या सिपानी कंपनीची ‘डॉल्फिन’ १९८० च्या दशकातली. अलिबागजवळच्या चिंकारा मोटर्सची ‘रोडस्टर’ त्यानंतरची. जगात अशी गाजलेली गाडी म्हणजे अमेरिकेची शेव्हरोले कॉर्व्हेट: १९५३ साली पहिल्या ३०० गाड्या बनल्या, सगळ्यांची बॉडी फायबरग्लासची.

कापसाच्या मुलखात राहून एक गोष्ट सांगायलाच हवी. पूर्व जर्मनीची ‘ट्राबांट’ हिलाही कुणी फायबरची गाडी म्हणतात. तिच्या पॅनलमध्ये काच नव्हतीच. फिनॉलच्या रेझिनमध्ये टाकाऊ कापूस दाबून ते केले जात. आपल्या सरकीच्या ढिगाशेजारी उभी केली असती तर शोभली असती.

जात ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. पॅनलच्या मागच्या बाजूला कंसासारख्या खुणांत अक्षरं कोरलेली असतात: पीपी असेल तर ‘पीपी’, एबीएस असेल तर ‘एबीएस’. अक्षरं नसतील तर आतल्या कोपऱ्यात पॉलिश पेपर घासून बघा. प्लास्टिकचे धागे, कुरळे तुकडे निघतात, जोरात घासलं तर ते वितळून पेपरला चिकटतं. फायबरग्लासची मात्र कोरडी पांढरी भुकटी पडते आणि थोड्याच वेळात मनगट खाजायला लागतं. मागची बाजू रंगवलेली नसेल तर काचेचे धागे नुसत्या डोळ्यांनीही दिसतात.

‘विम्याला काय फरक पडतो?’

खिशाला पडतो. आपल्या मोटार विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत भाग बदलताना घसारा कापला जातो. रबर, नायलॉन आणि प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के. फायबरग्लासच्या भागांवर ३० टक्के. काचेवर शून्य. दोन ‘फायबरां’मध्ये सरळ २० टक्क्यांचं अंतर आहे. बंपरचा दावा करताना “फायबरचा आहे, तीसच टक्के कापा” असं सर्व्हेअरला सांगून उपयोग नाही, तो प्लास्टिकच धरणार. उलट खऱ्या एफआरपीच्या टपावर कुणी ५० टक्के कापले, तर त्याला विचारायचा हक्क तुमचा आहे. ‘झिरो डेप’, म्हणजे घसारा न कापणारी पॉलिसी, घेतलेल्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल.

‘पोचा गरम करून काढू’

बंपरवर उकळतं पाणी ओतून पोचा बाहेर ढकलण्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. पीपीवर ते चालतं. फायबरग्लासला मुळात पोचाच पडत नाही. ते वाकून परत येतं, नाहीतर फुटतं. मधली अवस्था त्याला माहीत नाही. हीट गन धरली तर रंग फुगतो, रेझिन काळं पडतं आणि जळतं, तुटलेले धागे मात्र तुटलेलेच राहतात. रंग काढायला केमिकल रिमूव्हर लावण्याची सवयही इथे महागात पडते. पत्र्यावर ते रंग खातं, फायबरग्लासवर रंग संपला की रेझिन खायला घेतं. रंग घासूनच काढावा.

‘लांबी भरली की झालं’

सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात. लांबी, म्हणजे पुट्टी, पृष्ठभाग सपाट करायला असते. तिच्यात ताकद नसते. चिरेत लांबी भरून वर रंग मारला की गाडी महिनाभर नवी दिसते. मग रिंग रोडच्या खड्ड्यांत पॅनल थरथरतं आणि तीच चीर त्याच जागी रंगातून वर येते. लांबी पाणीही पिते, म्हणून पावसाळ्यानंतर रंगाला फोड येतात.

ताकद धाग्यांत असते. तुटलेल्या धाग्यांवर नवे धागे पसरून दोन्हींची पकड जमवायची, एवढंच या दुरुस्तीचं सार. त्यासाठी चीर बुजवण्याआधी ती मोठी करावी लागते, आणि हेच गिऱ्हाइकाला पटत नाही. “एवढीशी चीर होती, याने तर खड्डा करून ठेवला!” चांगला कारागीर चिरेच्या दोन्ही अंगांना काही इंच रंग आणि त्याखालचा जेलकोट, म्हणजे रेझिनचा वरचा गुळगुळीत थर, काढतो, कडा बशीसारख्या उतरत्या घासतो आणि चीर जिथे संपते तिथे छोटं भोक पाडतो, म्हणजे ती पुढे धावत नाही. शक्य तिथे मागच्या बाजूने आधी दोन-तीन थर देतो. मग पुढून थर भरत येतो, पहिला छोटा, वरचा त्याहून मोठा. लांबी सगळ्यात शेवटी, दोन-तीन मिलिमीटरच्या आत.

मॅट रंगावर चिकटवली तर ती रंगाला धरते, पॅनलला नाही. रंग सुटला की मॅट गेली.

कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरांचं वेगळं आहे. त्या कधी नुसत्या वरच्या जेलकोटच्या असतात, कधी आतपर्यंत गेलेल्या. मागून विजेरी लावा. चांगलं फायबरग्लास थोडा उजेड आरपार सोडतं, आणि धागे जिथे तुटले किंवा थर जिथे सुटले तिथे ते पांढरट दिसतं. नाण्यानं ठोकत गेलात तर निरोगी जागा टणटणीत वाजते, सुटलेली बदबद.

‘हार्डनर जास्त घातला की लवकर आणि पक्कं होतं’

हे कुठेही चुकीचंच, पण नागपुरात मे महिन्यात धोक्याचं. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. (३० मे २०२४ चा ५६ अंशांचा आकडा देशभर गाजला, तो सेन्सरचा बिघाड असल्याचं हवामान खात्याने नंतर सांगितलं. तोही एक गैरसमजच.)

पॉलिएस्टर रेझिनमध्ये हार्डनर म्हणून घालतात ते एमईकेपी, वजनाने साधारण १ ते २ टक्के. म्हणजे १०० ग्रॅम रेझिनला मोजून एक-दोन ग्रॅम. घट्ट होताना रेझिन स्वतःच उष्णता सोडतं. ढोबळ हिशेब असा की तापमान १० अंशांनी वाढलं की हाताशी असलेला वेळ निम्मा होतो. २५ अंशांना २० मिनिटं मिळत असतील, तर ४५ अंशांना पाचच. त्यात कुणी अंदाजाने ‘अजून थोडं’ ओतलं, की मग्यातच रेझिनचा गोळा होतो, त्यातून धूर निघतो, कधी मगा वितळतो. पॅनलवर लागलेला थर भराभर तापून आकसतो, ठिसूळ होतो आणि चिरतो.

उपाय हार्डनर फार कमी करण्यात नाही, कारण फार कमी घातलं तर रेझिन आतून कच्चं राहतं. आपल्याकडचे जाणते लोक उन्हाळ्यात पहाटे काम करतात, सावलीत करतात, एका वेळी वाटीभरच कालवतात आणि ते खोल मग्याऐवजी पसरट ताटलीत ठेवतात.

इपॉक्सी रेझिनचा कायदा आणखी कडक. त्यात हार्डनर नुसतं चालना देत नाही, ते स्वतःच पदार्थाचा भाग बनतं. ठरलेलं प्रमाण मोडलं की काम कायमचं मऊ किंवा ठिसूळ राहतं. आणखी एक चूक इपॉक्सीबरोबर वरचेवर होते. साध्या मॅटचे धागे ज्या चिकट्यानं धरलेले असतात तो पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही, म्हणून ती मॅट नीट भिजत नाही. इपॉक्सी वापरायची तर विणलेलं कापड घ्यावं.

रेझिनला कोबाल्टचं जांभळं एक्सलरेटर वेगळं घालायची वेळ आली, तर ते आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळावं, मगच हार्डनर. हे दोन द्रव एकमेकांत थेट कधीही ओतू नयेत. भडका उडतो, स्फोटही होतो. दोन्ही बाटल्या एका फळीवर ठेवणाऱ्या दुकानात मी तरी उभा राहत नाही. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा हवाच.

‘अजून चिकट लागतंय, म्हणजे माल नकली’

बहुतेकदा नाही. साध्या पॉलिएस्टर रेझिनचा हवेला लागलेला वरचा थर चिकट राहतो, कारण हवेतला ऑक्सिजन तिथली क्रिया अडवतो. पुढचा थर चढवायचा असेल तर हा चिकटपणा उपयोगीच. शेवटच्या थरासाठी मेण मिसळलेलं रेझिन वापरतात किंवा वरून पातळ प्लास्टिकचा कागद ओढून हवा तोडतात. दुसऱ्या दिवशी बोट आत रुतलं, तर मात्र हार्डनर कमी पडलं किंवा मॅट ओली होती. पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेली मॅट दमट होते आणि दमट मॅट रेझिन नीट पीत नाही.

‘फायबर गंजत नाही, निश्चिंत राहा’

पॅनल गंजत नाही. ते ज्या लोखंडी पट्ट्यांवर, रिव्हेटवर आणि नटबोल्टांवर बसलेलं असतं ते गंजतात, फुगतात आणि भोकाच्या कडेने पॅनल फोडतात. अशा चिरेवर मॅट मारून उपयोग नाही, आधी पट्टी बदलावी लागते. फायबरग्लासवर वरून रंग नसेल तर आपल्या उन्हात जेलकोट खडूसारखा पांढरा पडतो, पण ते पॉलिशने बऱ्याचदा निघतं.

‘ही धूळ म्हणजे ॲस्बेस्टॉस’

तसं नाही. ॲस्बेस्टॉसचे तंतू उभे चिरत जाऊन अतिसूक्ष्म होतात. मॅटमधला काचेचा धागा आडवा तुटतो, त्याचे तुकडे जाड असतात. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, आयएआरसीने, अशा सलग काचधाग्याला कर्करोगकारक ठरवलेलं नाही. कातडी, डोळे आणि घसा मात्र तो चांगलाच खाजवतो. गंमत अशी की लोक धुळीला घाबरतात आणि वासाकडे दुर्लक्ष करतात. रेझिनचा तो गोडसर उग्र वास स्टायरीनचा, आणि त्याच संस्थेने २०१८ मध्ये स्टायरीनला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं. तोंडाला बांधलेला दुपट्टा धूळ थोडी अडवतो, वाफ अजिबात नाही. वाफेला कोळशाच्या डबीचा मास्क लागतो आणि शटर पूर्ण वर लागतं. घासताना पाणी मारलं तर धूळ उडतच नाही. खाज सुटली तर चोळायचं नाही, आधी गार पाण्याची धार सोडायची.

माझा बंपर शेवटी दुसऱ्या एका कारागिराने बघितला. त्याने टिचकी मारली नाही. खाली आडवा झाला, मागची अक्षरं वाचली आणि म्हणाला, “पीपी आहे. याले मॅट काहून लावली कुणी?” त्याने चीर उकलून पीपीची कांडी वितळवत नेली, आतून चार पिना रोवल्या. बाहेरून काही दिसत नाही. मागून बघितलं तर गोधडीला घालावेत तसे टाके आहेत.