घरात आलेली रंगबंदूक

सिल्वासातील आमच्या घरात आजवर शस्त्र म्हणून काही असेल तर नारळ सोलण्याचा कोयता आणि माकडे हाकलण्याची काठी, एवढेच. म्हणून एका रविवारी मिस्सा आटोपून घरी परतताच थोरल्या चिरंजीवांनी, "बाबा, मला पेंटबॉलचा मार्कर घ्यायचा आहे, इलेक्ट्रॉनिक," असे म्हटले, तेव्हा आमच्या हातातील चहाचा पेला हातातच राहिला. मुलगा चोवीस वर्षांचा. आमलीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारा. पैसे त्याच्या स्वतःच्या घामाचे. 'नाही' म्हणण्याचा अधिकार आता आम्हांस उरला नव्हता आणि 'हो' म्हणण्याचे धैर्य होत नव्हते. असा पेच आज ना उद्या पुष्कळ आईबापांपुढे उभा राहील. वस्तू निराळी असेल इतकेच. म्हणून आम्ही काय केले आणि कोठे चुकलो, ते वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्रथम ही वस्तू काय आहे ते सांगितले पाहिजे. चिरंजीव कारखान्यातील सोबत्यांबरोबर लोणावळ्यास सहलीला गेले होते. तेथे कुणेगावच्या डेला अॅडव्हेंचरमध्ये हा खेळ ते प्रथम खेळले. दोन पक्ष झाडांच्या व अडसरांच्या आडून एकमेकांवर रंगाच्या गोळ्या मारतात. ज्याच्या अंगावर गोळी फुटून रंग उमटला तो बाद. गोळी साधारणतः ०.६८ इंच व्यासाची, सुमारे ३ ग्रॅम वजनाची. वर जिलेटीनचे कवच आणि आत पाण्याने धुतला जाणारा रंग. औषधाच्या कॅप्सूलचीच ही थोरली बहीण म्हणावयास हरकत नाही.

'मार्कर', म्हणजे खूण करणारा, हे नावही उगाच पडलेले नाही. आपल्याकडे वनखात्याचे लोक तोडावयाच्या झाडावर हातोड्याचा ठसा मारतात. अमेरिकेतील वनरक्षकांस तेच काम दुरून करता यावे, गुराख्यांस कळपातील जनावर रंगवून ठेवता यावे, म्हणून नेल्सन पेंट कंपनीने 'नेलस्पॉट ००७' नावाचे पिस्तूल विकावयास आणले. ते डेझी कंपनीने बनविलेले होते. पुढे चार्ल्स गेन्स, हेज नोएल आणि बॉब गर्न्सी या तिघा मित्रांत वाद पेटला, की रानात टिकाव कोणाचा लागेल, शहरी माणसाचा की रानातल्या माणसाचा? त्याचा निकाल लावण्यासाठी २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायर राज्यातील हेनिकर येथे १२ जण तीच पिस्तुले घेऊन रानात उतरले. जिंकला तो रिची व्हाइट नावाचा वनाधिकारी. त्याने सगळी निशाणे गोळा केली, आणि तीही एकदासुद्धा चाप न ओढता! खानवेलच्या रानातील एखाद्या वारली बांधवास हे सांगितले असते, तर त्याला त्यात फारसे नवल वाटले नसते.

ही कथा चिरंजीवांनीच आम्हांस ऐकविली. आमचे मन थोडे नरमले; परंतु घरात आमच्या मातोश्री आहेत. २२ जुलै १९५४ रोजी दादरा मुक्त झाले आणि २ ऑगस्टला सिल्वासा, तेव्हा त्या नऊ-दहा वर्षांच्या होत्या. सुप्रसिद्ध गायक-संगीतकार सुधीर फडके त्या लढ्यात होते, हे आपण अभिमानाने सांगतो, आणि ते योग्यच आहे. मातोश्रींच्या स्मरणात मात्र राहिली आहेत ती बंद दारे, दबक्या आवाजात म्हटलेली जपमाळ, आणि दादऱ्याच्या चौकीवर पोलीस अधिकारी अनिसेतो रोझारियो ठार झाल्याची वार्ता ऐकून मोठ्या माणसांचे उतरलेले चेहरे. "खेळातली असो, नाहीतर खरी," त्या म्हणाल्या, "नळी ती नळीच. ती कोणाकडे वळते ते आधी पाहायचं असतं." त्या वेळी हे बोलणे आम्हांस म्हातारपणाचे वाटले.

चिरंजीवांस आम्ही दोन अटी घातल्या. पहिली कायद्याची. शस्त्र कायदा १९५९ चा व त्याखालील नियम २०१६ चे आहेत. अशी वस्तू परदेशातून येते, आणि तिच्या बाबतीत दुकानदाराच्या तोंडी आश्वासनावर विसंबणे शहाणपणाचे नव्हे. जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत लेखी विचारणा करावी आणि लेखी उत्तर हाती आल्याखेरीज एक पैसाही देऊ नये, असे ठरले. त्यात काही महिने गेले. ते वाया गेले असे आम्ही म्हणणार नाही. हौस खरी की चार दिवसांची, हे तेवढ्या अवधीत कळून येते.

दुसरी अट फादरांच्या कानावर घालण्याची. ते रागावतील आणि आमची सुटका होईल, असा आमचा डाव होता, हे कबूल केले पाहिजे. फादरांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "मुखवटे किती घेणार आहेस?" चिरंजीव म्हणाले, "एक." फादर म्हणाले, "मग तू खेळणार कोणाबरोबर?"

त्या प्रश्नाने खरेदीचा क्रमच बदलला. या खेळात गोळीचा वेग सेकंदाला ३०० फुटांच्या आत ठेवावा असा संकेत आहे. म्हणजे ताशी सुमारे ३३० किलोमीटर. अंगावर तेवढ्याने काळानिळा वळ उठतो आणि चार दिवसांत जातो. डोळ्यावर तीच गोळी बसली तर आत रक्तस्राव होतो, पडदा सुटतो, बुबुळ फुटून दृष्टी कायमची जाऊ शकते. नेत्रवैद्यांनी नोंदविलेल्या अशा अपघातांत बहुतेक माणसांच्या तोंडावर मुखवटा नव्हता, किंवा त्यांनी तो घाम पुसण्यासाठी क्षणभर वर केला होता. साधा चष्मा किंवा उन्हाचा गॉगल येथे कामाचा नाही. डोळे, कान व तोंड झाकणारा, एएसटीएम एफ १७७६ या मानकाचा खास मुखवटाच हवा. आणि तो खेळणाऱ्याइतकाच जवळ उभे राहून पाहणाऱ्यालाही हवा. तेव्हा आधी चार मुखवटे आले आणि मार्कर त्यानंतर.

इलेक्ट्रॉनिक म्हणजे काय, हेही थोडक्यात सांगतो. साध्या मार्करमध्ये चाप ओढला की अडकवलेला स्प्रिंगचा हातोडा सुटतो, झडपेवर आपटतो आणि हवा मोकळी होते. इलेक्ट्रॉनिक मार्करमध्ये चाप केवळ एक बटण दाबतो. बॅटरीवर चालणारे छोटे मंडल सोलेनॉइड नावाच्या विजेच्या झडपेस इशारा देते, झडप निमिषमात्र उघडते आणि गोळी निघून जाते. गोळी नळीच्या तोंडाशी नीट बसली आहे की नाही हे पाहण्यासाठी आत प्रकाशकिरणाचा एक 'डोळा' असतो. गोळी अर्धवट असेल तर तो यंत्रास थांबवितो, म्हणून आतल्या आत गोळी चिरडत नाही. या सर्व योजनेमुळे चाप इतका हलका होतो, की बोट टेकवले न टेकवले तोच काम होते. विकणारे याच गुणाची वाखाणणी करतात. आम्हांस पुढे कळले की भय आहे तेही याच गुणात.

किंमत चिरंजीवांच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी झाली. पण ती नुसत्या मार्करची. पुढे हवेची टाकी. तिच्यात दर चौरस इंचास ३००० पौंड दाब असतो. आपल्या मोटारीच्या चाकात तीस-पस्तीस पौंड असतो, यावरून कल्पना यावी. ती गॅरेजमधल्या पंपाने भरत नाही, त्यासाठी खास कॉम्प्रेसर लागतो. अशा टाक्यांना २०१६ चे गॅस सिलिंडर नियम आहेत, आणि त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या 'पेसो' या सरकारी संस्थेचे मुख्य कार्यालय आपल्या नागपुरास आहे. टाकीवरील तपासणीची तारीख वाचल्याशिवाय ती विकत घेऊ नये आणि मुदत उलटल्यावर भरू नये. गोळ्यांचा खर्च तर संपतच नाही. २००० गोळ्यांची पेटी येते. सेकंदाला दहा गोळ्या सोडल्या तर ती ३ मिनिटे २० सेकंदांत रिकामी! हा हिशेब कागदावर मांडल्यावर चिरंजीव बराच वेळ गप्प होते. तेव्हापासून ते एका वेळी एकच गोळी मारतात.

वस्तू घरी आली आणि आम्ही रोज उपदेश करू लागलो. असे धर, तसे धरू नकोस, आजीच्या समोर आणू नकोस. चिरंजीव ऐकून घेत. आणि मग एका शनिवारी संध्याकाळी ती गोष्ट घडली.

चिरंजीव खेळून आले होते व स्नानास गेले होते. मार्कर ओटीवरील मेजावर होता. गोळ्यांचा डबा काढलेला होता; म्हणजे मार्कर रिकामा, असे आम्ही धरून चाललो. नळीच्या तोंडावर कापडी आवरण असते. ते चिखलाने माखलेले दिसले, म्हणून आम्हीच काढून बाजूस ठेवले. एवढा वाखाणलेला चाप खरोखर किती हलका आहे ते पाहावे, असे मनात आले. बटण दाबले, बारीक दिवा लागला. चाप ओढल्याचे आम्हांस आठवतही नाही. फट् असा आवाज झाला आणि समोरच्या भिंतीवर पिवळा रंग उसळला. त्या भिंतीशी बाकावर मातोश्री जपमाळ घेऊन बसल्या होत्या. डाग त्यांच्या कानापासून वीतभर अंतरावर होता.

डबा काढला तरी शेवटची एक गोळी नळीच्या तोंडाशी बसून राहते, आणि टाकी जोडलेली असेल तर हवाही तयारच असते. यंत्राच्या डोळ्याला ती गोळी दिसली. आमच्या डोळ्यांना दिसली नाही. चारही मुखवटे कपाटात होते.

मातोश्रींनी मागे वळून भिंत पाहिली, मग आमच्याकडे पाहिले आणि विचारले, "तुला काही लागलं नाही ना?" त्या प्रश्नापेक्षा त्यांनी कानाखाली मारली असती तर बरे वाटले असते. चिरंजीव ओल्या अंगाने धावत आले. "टाकी काढून ठेवायला हवी होती बाबा, चूक माझी," असे ते म्हणाले. चूक दोघांची होती. पण बोट आमचे होते. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. गेथशेमानी बागेत प्रभूने तलवार म्यानात घालावयास सांगितले ते कोणा शत्रूस नव्हे. आपल्या पेत्रास, ज्याचा हेतू चांगला होता आणि ज्याने भावनेच्या भरात एका सेवकाचा कान कापला होता. चांगल्या हेतूच्या माणसालाच ते सांगावे लागते, हे आम्हांस वयाच्या साठाव्या वर्षी कळले.

दुसऱ्या दिवशी बापलेकांनी बसून नियम लिहिले. मैदानाबाहेर नळीवरचे आवरण कधीही काढावयाचे नाही. मैदान सोडण्यापूर्वी डबा काढावा, टाकी काढावी, मग सुरक्षित दिशेस चाप ओढून उरलेली हवा घालवावी आणि आत गोळी नाही हे डोळ्यांनी पाहावे. घरी बॅटरी वेगळी, टाकी वेगळी, मार्कर कुलपात. तोंडावर मुखवटा चढल्याखेरीज आवरण निघावयाचे नाही. आणि ज्याच्या तोंडावर मुखवटा नाही अशा माणसाकडे, तसेच कोणत्याही जनावराकडे, रिकामी नळीसुद्धा वळवावयाची नाही. खेळ फक्त मित्राच्या वडिलांच्या चिकूवाडीत, भोवती जाळी बांधून. आणि बाहेर नेताना मार्कर बंद पिशवीत, सोबत सर्व कागदपत्रे. हे शेवटचे कलम आमच्या भागात विशेष महत्त्वाचे. वापी स्टेशन येथून सुमारे १८ किलोमीटर, आणि ते गुजरातेत. दारूबंदीमुळे सीमेवर पोलीस पिशव्या तपासतात. बाटली शोधणाऱ्या हवालदाराच्या हाती बंदुकीच्या आकाराची वस्तू लागली, तर पुढचा संवाद काय होईल, हे वाचकांनीच कल्पावे.

पावसाळ्याने आणखी एक धडा दिला. जिलेटीन हवेतील ओल शोषून घेते. जूनमध्ये उघडी राहिलेली पिशवी जुलैत पाहिली, तो गोळ्या फुगून एकमेकींस चिकटलेल्या. अशा गोळ्या नळीत फुटतात आणि सगळे यंत्र उघडून पुसावे लागते. आता गोळ्या हवाबंद डब्यात असतात. रबरी कड्यांना त्यांचे खास वंगण लावणे, आतील भाग कोरड्या फडक्याने पुसणे, हे काम चिरंजीव दर पंधरवड्यास करतात आणि आम्ही शेजारी बसून सुटे भाग हाती देतो. खरे सांगावयाचे तर, नोकरी लागल्यापासून हा मुलगा आमच्याजवळ इतका वेळ कधी बसला नव्हता.

भिंतीवरचा रंग पाण्याने निघाला असता. पण चुन्यात तो थोडा मुरला होता, आणि आम्ही फार घासलेही नाही. येत्या नाताळापूर्वी घरास रंग देऊ तेव्हा तो झाकला जाईल. मार्कर घरात येऊन वर्ष होत आले. मातोश्रींना तो आवडत नाही, कधी आवडणारही नाही. पण शनिवारी संध्याकाळी नातू दारात पाऊल ठेवतो, तेव्हा जेवलास का हे विचारण्यापूर्वी त्या बाकावरूनच विचारतात, "रिकामी केलीस?" आणि चोवीस वर्षांचा तो घोडा पिशवी खाली ठेवून, आवरण, टाकी, बॅटरी एकेक करून आजीला दाखवितो, आणि मगच पायांतले बूट काढतो.