वायू गाळणारे पटल आणि त्याचे आडबंध

शेणापासून जळणारा वायू मिळतो, ही गोष्ट आता कोणाला नव्याने सांगावयास नको. मावळातल्या शेतकऱ्याने गोठ्यामागे वायूची टाकी पाहिलेली असते. मुंबईत तर माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात मैल्यापासून वायू काढून वापरण्याची सोय १८९७ सालीच झाली होती. अलीकडच्या काळात पुण्याच्या हॉटेलांतील खरकटे बाणेर येथे वाटून त्याचा लगदा टँकरने तळेगावी आणावयाचा आणि येथील प्रकल्पात त्यातून वायू काढावयाचा, असाही उपक्रम झाला. पुणेकरांनी जेवावे आणि उष्टे तळेगावाने पचवावे, असे कोणी गमतीने म्हणेल. पण त्या उष्ट्यातून इंधन निघते ही काही गमतीची गोष्ट नव्हे.

मात्र हा वायू शुद्ध नसतो. त्यात जळणारा मिथेन साधारण साठ टक्के असतो आणि उरलेल्यात बहुतेक सारा कार्बन डायऑक्साइड, म्हणजे जुन्या क्रमिक पुस्तकांतला कर्बाम्ल वायू. शिवाय पाण्याची वाफ आणि कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड. चुलीवर भात शिजविण्यास एवढ्याने भागते. पण हाच वायू दाबून नळकांड्यात भरून मोटारीला द्यावयाचा झाला, तर चाळीस टक्के जागा न जळणाऱ्या वायूने अडविलेली कशी चालेल? भारतीय मानकानुसार मोटारीसाठी दाबून भरावयाच्या अशा वायूत मिथेन निदान नव्वद टक्के हवा. तेव्हा प्रश्न उभा राहतो तो हा की, दोन वायू एकमेकांत मिसळलेले असताना ते वेगळे कसे करावे? तांदळातले खडे निवडता येतात, कारण ते डोळ्यांना दिसतात. येथे दोन्ही अदृश्य!

उपाय पुष्कळ आहेत. दाबाखाली पाण्याने धुतले की कर्बाम्ल वायू पाण्यात विरघळून जातो. अमाइन नावाच्या रसायनांनी तो शोषून घेता येतो. हे उपाय जुने आणि भरवशाचे आहेत. पण त्यांना उंच मनोरे, पंप, कढत रसायने आणि ती सांभाळणारी माणसे लागतात. आम्ही येथे ज्याचा विचार करणार आहोत तो उपाय ह्याहून साधा दिसतो. एक पातळ पापुद्रा घ्यावयाचा, एका बाजूने दाबाखाली मिश्र वायू सोडावयाचा. कर्बाम्ल वायू पापुद्र्यातून पलीकडे जातो आणि मिथेन बहुतांशी अलीकडे राहतो. ना मनोरा, ना कढत रसायन. दिसतो तितका तो साधा आहे काय, हेच पाहावयाचे आहे.

जत्रेतला रबरी फुगा दुसऱ्या दिवशी सकाळी मलूल होऊन पडतो, हे प्रत्येक घरातील मुलांना ठाऊक असते. गाठ पक्की असते, फुग्याला भोकही नसते, मग आतील हवा गेली कोठे? १८३१ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे मिचेल नावाच्या वैद्याने हाच प्रश्न विचारला. निरनिराळे वायू रबरातून निरनिराळ्या वेगाने निसटतात आणि कर्बाम्ल वायू विशेष चपळाईने जातो, असे त्याला आढळले. पुढे १८६६ साली ग्रॅहम ह्या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने रबराच्या पापुद्र्यातून साधी हवा ओढून घेतली, तेव्हा पलीकडे मिळालेल्या हवेत प्राणवायू ४१.६ टक्के भरला. आपण श्वासात घेतो त्या हवेत तो २१ टक्के असतो. ग्रॅहमने कारणही सांगितले. वायू छिद्रांतून गळत नाही. तो आधी रबरात विरघळतो, मग आतल्या आत सरकत जातो आणि पलीकडच्या बाजूने बाहेर पडतो. 'गाळणे' हा शब्द आम्ही शीर्षकात सोयीसाठी वापरला आहे. चहाच्या गाळणीशी ह्या क्रियेचे नाते दूरचेच आहे.

वायू रबरातून जातो, मग काचेतून का जात नाही? तळेगावच्या लोकांना काच परकी नाही. एकेक पैसा जमवून उभारलेल्या पैसाफंडाचा काच कारखाना येथे १९०८ साली निघाला. काचेचे कण एकमेकांना सर्व बाजूंनी घट्ट बांधलेले असतात. नेहमीच्या वायूला तेथे पाऊल टाकण्यास जागा नसते. रबर, प्लास्टिक यांसारख्या पॉलिमरची रचना निराळी. ताटात शेवया पसराव्यात तशा लांबच लांब साखळ्या एकमेकींत गुंतून पडलेल्या असतात. त्या गुंत्यात इवल्या पोकळ्या असतात आणि साखळ्या सतत थरथरत असल्यामुळे त्या पोकळ्या उघडतात, मिटतात, पुन्हा उघडतात. वायूचा रेणू एका पोकळीतून दुसरीत उडी घेत पुढे जातो. मिलिमीटरचे एक कोटी भाग केले, तर कर्बाम्ल वायूच्या रेणूची रुंदी अशा ३.३ भागांची आणि मिथेनची ३.८ भागांची भरते. एवढ्याशा फरकावर सारी निवड चालावयाची! साखळ्या ताठर असतील तर पोकळ्या नेमक्या मापाच्या राहतात आणि मिथेन अडतो. शिवाय कर्बाम्ल वायू पॉलिमरमध्ये अधिक विरघळतो, ती गोष्टही आपल्या पथ्यावर पडते.

आणि नेमकी तीच गोष्ट घात करते. दाब वाढविला की पापुद्र्यात कर्बाम्ल वायू इतका मुरतो की पापुद्राच फुगतो. साखळ्या एकमेकींपासून दूर सरतात, सैल पडतात. पोकळ्या रुंदावतात आणि ज्याला अडवावयाचे तो मिथेनही आरामात पलीकडे जाऊ लागतो. पाहुण्यासाठी दार उघडावे आणि त्यानेच बिजागऱ्या ढिल्या कराव्यात, असा हा प्रकार होय. पॉलिइमाइड हे ह्या कामातले एक नावाजलेले पॉलिमर आहे. त्याच्या एका प्रचलित जातीची ही अवस्था कर्बाम्ल वायूचा दाब वातावरणाच्या बारा-पंधरा पटींवर गेला की सुरू होते.

ह्यावर तोड म्हणजे आडबंध. सुट्या साखळ्यांना जागोजागी रासायनिक टाके घालून एकीला दुसरीशी बांधून टाकावयाचे. गोधडीचे थर टाक्यांमुळे सरकत नाहीत, तसेच हे. कल्पना नवी नाही. १८३९ साली गुडइयरने कच्चे रबर गंधकाबरोबर तापविले आणि उन्हाळ्यात चिकट होणारे रबर टिकाऊ बनले. ते गंधकाचे आडबंधच होत. आपल्या सायकलीचा टायर त्याच बंधांवर चालतो.

आता असे पटल प्रयोगशाळेत कसे करतात ते थोडे सविस्तर सांगतो, कारण खरी मौज तेथेच आहे. पॉलिइमाइडची पूड द्रावकात विरघळवून पाकासारखे दाट द्रावण करतात. ते गाळून, त्यातील हवेचे बुडबुडे जाऊ देऊन, सपाट काचेवर ओततात आणि ठरावीक फट ठेवलेल्या पात्याने सारखे पसरवितात. वर झाकण ठेवून द्रावक सावकाश उडू देतात. घाई केली की पापुद्र्याला सुरकुत्या आणि भोके पडतात. मग तो काचेवरून सोडवून निर्वात भट्टीत तापवितात, म्हणजे उरलासुरला द्रावकही निघून जातो.

ह्यानंतर टाके घालण्याची पाळी. दोन्ही टोकांना अमाइन गट असलेले एक लहान रसायन मिथेनॉलमध्ये विरघळवून त्यात पापुद्रा बुडवून ठेवतात. मिथेनॉलने पापुद्रा किंचित फुगतो, म्हणून रसायनाला आत शिरण्यास वाट मिळते. त्याचे एक टोक एका साखळीतील इमाइडाचे कडे उघडून तेथे जोडले जाते, दुसरे टोक शेजारच्या साखळीत तेच करते. दोन्ही टोके दोन साखळ्यांना लागली तरच टाका पडला; एकच लागले तर दोरा नुसता लोंबत राहतो. ठरलेल्या वेळाने पापुद्रा काढून ताज्या मिथेनॉलने निपटून धुतात व वाळवितात. बंध पडले की नाहीत, ह्याची परीक्षा फार सोपी आहे. ज्या द्रावकात पॉलिमर आधी सहज विरघळले होते, त्याच द्रावकात हा तुकडा टाकावा. विरघळला तर मेहनत फुकट. नुसता फुगून तसाच राहिला तर साधले. दुसरीही रीत आहे. टाक्यांची सामग्री साखळीतच गुंफून ठेवतात आणि पटलाला आकार दिल्यावर उष्णतेने अगर अतिनील किरणांनी बंध पाडतात.

आधी आकार, मग बंध, हा क्रम मात्र कोणत्याही रीतीत उलटत नाही. फुटकी काच पुन्हा वितळवून तिची नवी बाटली करता येते, पण भाजलेल्या मडक्याची खापरी पुन्हा चाकावर चढत नाही. आडबंध पडलेले पॉलिमर खापरीच्या जातीचे. ते विरघळत नाही की वितळत नाही. म्हणून ह्या धंद्यात चूक महागात पडते, आणि निकामी पटलाचे पुढे काय करावयाचे हा प्रश्नही राहतोच.

बंधांची किंमत आणखी एका ठिकाणी मोजावी लागते. टाके जितके दाट, तितक्या पोकळ्या आवळलेल्या. निवड सुधारते, पण वायू जाण्याचा वेग घटतो. अतिरेक केला तर पापुद्रा पापडासारखा कडकन मोडतो. वेग वाढवावा तर निवड बिघडते आणि निवड साधावी तर वेग जातो, ही ओढाताण साऱ्याच पॉलिमर पटलांच्या नशिबी आहे. रॉबसन ह्या अमेरिकन संशोधकाने १९९१ साली शेकडो पॉलिमरांचे आकडे एका आलेखावर मांडून ही मर्यादारेषा दाखविली आणि २००८ साली ती थोडी वर सरकवावी लागली. तेव्हा पटल किती बुडवून ठेवावयाचे ह्याला एकच ठाम उत्तर नाही. कोणता वायू, किती दाब, किती शुद्धता हवी, हे पाहूनच ते ठरते.

वेग वाढविण्याचा मार्ग दुसरीकडून सापडला. पटल जितके पातळ तितका वायू झटपट जाणार. पण फार पातळ पापुद्रा दाबाने फाटतो. १९६० च्या सुमारास अमेरिकेत लोएब आणि आपले भारतीय शास्त्रज्ञ श्रीनिवास सौरिराजन ह्यांनी खारे पाणी गोडे करण्यासाठी असे पटल काढले की, त्याचा वरचा थर अतिशय पातळ आणि खालचा भाग जाड पण स्पंजासारखा सच्छिद्र. ही युक्ती वायूंनाही लागू पडली. पुढे सपाट पापुद्र्याऐवजी केसासारखे बारीक, आतून पोकळ तंतू काढून त्यांचे जुडगे नळीत बसवू लागले. थोड्या जागेत प्रचंड पृष्ठभाग मावतो तो असा. १९८० च्या सुमारास मोन्सँटो कंपनीने ह्याच धर्तीची पटले अमोनियाच्या कारखान्यांतला वाया जाणारा हायड्रोजन परत मिळविण्यासाठी बाजारात आणली, तेव्हापासून हा प्रयोगशाळेतला विषय कारखानदारीचा झाला.

आपल्याला त्यासाठी सातासमुद्रापार पाहावयास नको. पुण्यात पाषाण रस्त्यावर १९५० पासून उभी असलेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा ह्या कामात आहे. पॉलिबेंझिमिडाझोल हे भलतेच चिवट आणि उष्णता सोसणारे पॉलिमर घेऊन, त्याच्या साखळीच्या रचनेत पद्धतशीर फेरफार केल्यास कोणता वायू किती जातो, ह्याचा अभ्यास तेथील संशोधकांनी २००६ आणि २०१० साली प्रसिद्ध केला. २०२० च्या साथीत त्याच प्रयोगशाळेच्या सहकार्याने पोकळ तंतूंचे एक यंत्र पुण्यातच तयार झाले. ते साध्या हवेतला प्राणवायू ३८ ते ४० टक्क्यांपर्यंत वाढविते. वाचकांना ग्रॅहमचा ४१.६ हा आकडा आठवत असेल. दीडशे वर्षांत टक्केवारी पुढे गेली नाही, असे म्हणून कोणी हसेल. पण ग्रॅहमला मिळाला होता परीक्षेपुरता वायू, आणि येथे रुग्णाला मिनिटागणिक पुरेल एवढी हवा मिळते. मात्र अत्यवस्थ रुग्णाला लागणाऱ्या नळकांड्यातील प्राणवायूची जागा ते घेऊ शकत नाही.

आता पुन्हा शेणवायूकडे. तेथे आडबंधांची पटलेच हवीत काय? आमच्या मते बहुधा नाही. शेणवायू दहा ते सोळा पट दाबाने पटलावर सोडला, तरी त्यात कर्बाम्ल वायूचा वाटा चारसहा पटींचाच असतो. तेवढ्याने चांगले साधे पटल फुगून बिघडत नाही. ज्या नैसर्गिक वायूच्या विहिरींत दाब कितीतरी मोठा आणि जड तेलकट वाफाही बरोबर असतात, तेथे आडबंधांवाचून निभाव लागणे कठीण. महाग वस्तू घेण्यापूर्वी तिची गरज तपासावी, एवढा व्यवहार रसायनशास्त्रातही लागतो.

शेणवायूच्या बाबतीत खरी काळजी वेगळी आहे. हायड्रोजन सल्फाइड आणि वाफ आधी काढली नाही, तर कितीही उत्तम पटल लवकर खराब होते. आणि एकाच पटलातून वायू नेला तर कर्बाम्ल वायूबरोबर बराचसा मिथेनही निसटतो; तो हवेत सोडला तर उष्णता कोंडण्यात कर्बाम्ल वायूपेक्षा कितीतरी पटींनी भारी ठरतो. म्हणून पटलांच्या दोन किंवा तीन फळ्या लावून निसटलेला वायू पुन्हा फिरवितात. त्याला दाबयंत्र आणि वीज जास्त लागते. आपल्या परिसरात कोणी असा प्रकल्प घालू म्हटले, तर पटल कोणत्या देशाचे हे विचारण्याआधी निसटणारा मिथेन शेकडा किती, वायू आधी कशाने धुणार आणि पटले किती वर्षांनी बदलावी लागतील, हे तीन आकडे मागावेत.