‘रस्टी’ म्हणजे संपलं असं नाही

मी बोलतोय बदलापूरच्या शिरगावातून. मागच्या महिन्यात इंटरव्ह्यूत विचारलं, “एक्सेल येतं?” दोन वर्षं हात लावला नव्हता. घाबरून “नाही” म्हणालो. नोकरी हुकली.

म्हणायला हवं होतं, “आय ॲम अ बिट रस्टी.” रस्ट म्हणजे गंज. आपण म्हणतो ना, सराव सुटलाय, सवय मोडलीय, तेच! येत होतं, फक्त वापर नव्हता.

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग छापले. पाठ केलेलं विसरलं, तरी पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागला.

म्हणून थेट “येत नाही” म्हणू नका. “रस्टी आहे” म्हणा, आणि त्याच रात्री गंज घासायला बसा.