दात काढायचा आहे, गोळी बंद करू का?

गेल्या महिन्यात एका मावशींचा फोन आला. "उद्या दात काढायचाय, म्हणून रक्त पातळ करायच्या दोन्ही गोळ्या चार दिवस बंद ठेवल्यात." मावशींना स्टेंट बसवून जेमतेम तीन महिने झालेत! म्हटलं, आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा, माझ्याशी मग बोला.

खरं म्हणजे या गोळ्या रक्त पातळ करीत नाहीत. रक्तात प्लेटलेट्स नावाच्या बारीक चकत्या असतात. कुठे कापलं की त्या एकमेकींना हाका मारून गोळा होतात, चिकटतात आणि भोक बुजवतात. नव्या स्टेंटवर अशाच चिकटल्या तर मात्र हार्ट अटॅक येतो. ॲस्पिरिन त्यांची हाक बंद करते. क्लोपिडोग्रेल दुसरी एक हाक ऐकू येऊ देत नाही. प्लेटलेट जगते सात ते दहा दिवस, आणि एकदा मुकी झाली की मरेपर्यंत मुकीच. पण रोज नव्या तयार होतात, म्हणून गोळी रोज लागते.

इथे कॅलिफोर्नियात ग्लेनडेलच्या डॉ. लॉरेन्स क्रेव्हन यांचे टॉन्सिल काढलेले रुग्ण ॲस्पिरिनचा गम चघळत, आणि त्यांचं रक्त थांबेना. त्यावरून त्यांनी ती हृदयासाठी देऊन पाहिली, १९५० पासून लेख लिहिले. तेव्हा फारसं कुणी ऐकलं नाही.

आता उलट झालंय. ज्यांना काही झालेलं नाही तेही घेतात. साठीनंतर ती नव्याने, आपल्या मनाने सुरू करू नका. पोटात रक्तस्राव होतो, शौचाला डांबरासारखी काळी होते.

मावशींचा दात गोळ्या चालू ठेवूनच निघाला. कापसाचा बोळा अर्धा तास दाबून धरावा लागला, एवढंच.