आधी घाव, मग घोट

महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि चार लेकरांसह जीवन संपवलं. शेतकरी आत्महत्यांचा विषय निघाला की यवतमाळ जिल्ह्यातल्या या कुटुंबापासून सुरुवात होते. त्यानंतर या कापसाच्या मुलखात हजारो घरांत कर्ता माणूस असाच गेला. आकडा असतो तो गेलेल्यांचा. घरात मागे उरलेली पोरं त्या आकड्यात येत नाहीत.

अशा घरातला चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा पानठेल्यावर तंबाखूचा खर्रा घोटून घेतो, पुढे मोहाच्या दारूला लागतो. गाव म्हणतं, ‘बाप गेला अन् पोरगं वाया गेलं.’ पण त्याच्या शरीरात जे घडत असतं ते कळलं, की माणूस थक्क होतो.

मेंदूत खोलवर बदामाएवढा एक भाग आहे, अमिग्डाला. शिवारात रात्री जागलीला बसलेल्या माणसासारखं त्याचं काम. धोका दिसला की तो हाक देतो, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात, छाती धडधडते. धोका टळला की सगळं शांत व्हायला हवं. पण ज्या मुलाने रोजची मारहाण, वसुलीचे तगादे किंवा बापाचं प्रेत पाहिलं, त्याचा हा जागल्या पुढे साध्या सळसळीलाही ओरडू लागतो. झोप लागत नाही, वर्गात लक्ष राहत नाही, कुणी मोठ्याने बोललं तरी अंगावर काटा येतो. त्यातच, आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपास कुठे पूर्ण पक्व होतो. म्हणजे हाक मोठी आणि लगाम कोवळा.

अशा वेळी दारू मेंदूतली चेतापेशींना शांत करणारी रसायनव्यवस्था बळकट करते, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्या मुलाला आतून गप्प वाटतं. त्याच्या लेखी तो औषधाचा घोट असतो! पण नशा उतरली की तीच धडधड आधीपेक्षा जोरात परतते. खर्ऱ्याचं तर आणखी विलक्षण आहे. निकोटिनची सवय झालेल्याला ते मिळालं नाही की चिडचिड होते, आणि पुढचा तोबरा तीच चिडचिड शमवतो. मुलाला मात्र वाटतं, खर्ऱ्याने दुःख हलकं झालं.

घाव आणि व्यसन यांचं हे नातं उजेडात आलं ते एका भलत्याच वाटेने. अमेरिकेत सॅन दिएगोला डॉ. व्हिन्सेंट फेलिटी लठ्ठपणावर उपचार करत होते. वजन उतरत असलेली माणसंच उपचार सोडून जात. खोलात विचारल्यावर अनेकांच्या बालपणातला अत्याचार बाहेर आला. पुढे त्यांनी आणि संशोधक रॉबर्ट अँडा यांनी हजारो प्रौढांना बालपणाविषयी प्रश्न विचारले. ‘घरात कुणी व्यसनी होतं का’, ‘घरात कुणी आत्महत्येचा प्रयत्न केला का’ हेही त्यांत होते. आपल्या जिल्ह्यातल्या किती पोरांना या दोन्हींचं उत्तर ‘हो’ द्यावं लागेल, या विचाराने पोटात गोळा येतो. १९९८ साली निष्कर्ष छापून आले. चार किंवा अधिक प्रकारचे आघात सोसलेल्यांत दारूच्या व्यसनाची शक्यता, एकही आघात नसलेल्यांच्या सुमारे सातपट होती.

शक्यता म्हणजे ललाटलेख नव्हे. असे घाव झेलूनही पुष्कळ मुलं व्यसनाकडे वळत नाहीत. आणि लागलेलं व्यसनही परिस्थिती बदलली की सुटू शकतं. व्हिएतनाम युद्धात हेरॉइनच्या आहारी गेलेले अमेरिकी सैनिक मायदेशी परतले, तेव्हा त्यांचा माग संशोधक ली रॉबिन्स यांनी काढला. बहुतेकांचं व्यसन पुन्हा डोकं वर काढू शकलं नाही. मरणाची छाया हटली होती, घर आणि माणसं परत मिळाली होती.

म्हणून नुसती शपथ घ्यायला लावून किंवा झोडपून अशा मुलाचं व्यसन सुटेल, हे मला पटत नाही. मार हा तर आणखी एक आघात. व्यसनाच्या उपचाराबरोबर घावावरही उपचार हवा. शिक्षकांनो, मामा-काकांनो, मुलाच्या खिशात पुडी सापडली तर हात उगारू नका. जवळ बसवा, ‘तुला झोप लागते का?’ एवढं विचारा आणि तो बोलेपर्यंत थांबा. सोबतीला मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६, हे दोन मोफत क्रमांक शाळेच्या फळ्यावर आजच लिहून ठेवा.