डोंगर आणि खारपाण यांच्यामधले सोनाळा

सोनाळा हे बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातले, सातपुड्याच्या ऐन पायथ्याचे गाव. उत्तरेला डोंगर, दक्षिणेला पूर्णा नदीकडे उतरत जाणारी काळी जमीन. डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांच्या पट्ट्यात पावसाचे पाणी मुरते आणि विहिरींना गोडे पाणी लागते. पूर्णेकाठी मात्र खारपाण सुरू होते. पायथ्याच्या गावांचे मोल या पाण्यात आहे.

हा मुलूख अकबराच्या काळी नरनाळा सरकारात मोडे. इंग्रजी अमलात तो अकोला जिल्ह्यात होता. 1905 मध्ये वऱ्हाडच्या जिल्ह्यांची फेररचना झाली, तेव्हा जळगाव (जामोद) तालुक्याबरोबर बुलढाण्यात आला. नरनाळा किल्ला अकोल्याकडेच राहिला. त्याचा 1487 मधला महाकाली दरवाजा पाहायला लोक लांबून येतात. सोनाळ्याला असे मिरवण्याजोगे दगडी वैभव नाही. गावाची ओळख आहे ती संत सोनाजी महाराजांच्या मंदिराची आणि यात्रेची.

गावामागे अंबाबरवा अभयारण्य आहे. सुमारे 127 चौरस किलोमीटरचे हे जंगल 1997 मध्ये राखीव झाले आणि आज मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. वाघासाठी आतली काही गावे उठली.

या पट्ट्याचा खरा ठेवा मात्र वसाली, चिचारी आणि जळगाव जामोद तालुक्यातल्या काही वस्त्यांमध्ये बोलला जातो. निहाली ही ती भाषा. बोलणारे स्वतःला ‘कल्टो’ म्हणवतात. 1906 च्या भाषिक सर्वेक्षणाने तिला कोरकूची बोली ठरवले होते. ते चुकलेच. शेजाऱ्यांकडून तिने शब्द भरपूर घेतले. दोन, तीन, चार या अर्थांचे ‘इरार’, ‘मोथ’, ‘नालो’ हे द्राविडी वळणाचे आहेत. पण कोरकूत पाण्याला ‘डा’ म्हणतात, निहालीत ‘जोप्पो’. अशा मूळ शब्दांना कुठल्याच ज्ञात भाषाकुळात नातलग सापडत नाहीत. 1962 मध्ये डच अभ्यासक कॉयपर यांनी तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील अभ्यासकांनीही तिची नोंद केली.

युरोपात हंगेरियन भाषा अशीच परक्या शेजारात पडली आहे. पण तिला दूर का होईना, फिनिश आणि एस्टोनियन ही भावंडे आहेत, स्वतःचे राष्ट्र आहे. हंगेरीतले होलोको हे टीचभर खेडे त्याच्या घरांसाठी 1987 मध्ये जागतिक वारसा ठरले. घरे जपायला यादी मिळाली. निहालीला मिळाली ती युनेस्कोच्या अतिसंकटग्रस्त भाषांच्या यादीतली जागा. बोलणारे दोन-अडीच हजारांच्या घरात. भाषेला स्वतःची लिपी नाही, आणि निहाली मुलांच्या शाळेचे माध्यम मराठी आहे.