मेक्सिकन मका, पारनेरचा तवा

मेक्सिकन जेवण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चीजने माखलेले पाकीटबंद नाचो येतात. मेक्सिकोतील रोजचे घरगुती जेवण याहून फार निराळे आहे. मक्याची भाकरी, शिजवलेला घेवडा आणि भाजून वाटलेली मिरची-टोमॅटोची चटणी, यांवर तेथील शेतकरी कुटुंबे शतकानुशतके पोसली गेली. २०१० मध्ये युनेस्कोने या पाकपरंपरेला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. पारनेरसारख्या ज्वारी-बाजरीच्या तालुक्यात भाकरी थापणारे हात घरोघरी आहेत. तेथे हे जेवण पुस्तकावरून शिकणे अवघड नाही.

पुस्तकावरून रांधणे आपल्याला नवे नाही. कमलाबाई ओगले यांच्या १९७० सालच्या ‘रुचिरा’ने ते मराठी घरांना शिकवले. डायना केनेडी यांनी मेक्सिकोत हिंडून, तेथील घरांतून पाककृती जमवल्या; त्यांचे पहिले पुस्तक १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. असे पुस्तक हाती आले की कृती प्रथम शेवटपर्यंत वाचावी. कोणता जिन्नस बदलता येईल आणि कोणती क्रिया टाळून चालणार नाही, हे त्यावरून ध्यानात येते.

चुन्याचे महत्त्व

येथे टाळून न चालणारी क्रिया एकच: मका चुन्याच्या पाण्यात शिजवणे. मक्यातील बरेचसे नायसिन हे जीवनसत्त्व बद्ध असल्याने शरीराला मिळत नाही. चुन्यामुळे ते मोकळे होते, कॅल्शियम वाढते आणि पिठाला चिकटपणा येतो. मका युरोपात पोहोचला, पण ही रीत त्याच्याबरोबर गेली नाही. परिणामी मक्यावरच गुजराण करणाऱ्या गरिबांत त्वचेवर चट्टे, जुलाब आणि बुद्धिभ्रंश घडवणारा पेलाग्रा पसरला. स्पेनमध्ये गास्पार कासाल यांनी १७३५ मध्ये त्याचे वर्णन केले. त्यावरचा उपाय नायसिन आहे, हे उमगायला १९३७ साल उजाडले.

कृती

अर्धा किलो वाळलेला मका, दीड लिटर पाणी आणि ५ ग्रॅम कोरडा खाण्याचा चुना स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर पाऊण तास शिजवावा. ॲल्युमिनियमचे भांडे वापरू नये. रात्रभर तसाच मुरू द्यावा. सकाळी चोळून साले काढावीत, तीन-चार पाण्यांनी धुवावा आणि पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये अगदी बारीक वाटावा. लहान गोळे दोन प्लॅस्टिकच्या कागदांमध्ये दाबून तापल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजावेत. बियाण्याचा मका कधीही घेऊ नये, त्याला औषध चोळलेले असते. चुना हाताळताना डोळे जपावेत.

जोडीला रात्रभर भिजवलेला घेवडा किंवा राजमा पाणी बदलून कुकरमध्ये पूर्ण मऊ शिजवावा. अर्धकच्च्या दाण्यांनी उलट्या होतात. मक्यात कमी असलेले लायसिन घेवडा पुरवतो. चटणीसाठी टोमॅटो, कांदा, लसूण, मिरची तव्यावर डाग पडेपर्यंत भाजून खलबत्त्यात जाडसर कुटावी. पुस्तकातील सुक्या मिरच्या येथे मिळणार नाहीत. ब्याडगी रंग देईल, चव मात्र थोडी वेगळी येईल.

मधुमेह असलेल्यांनी ही भाकरी नेहमीच्या भाकरीच्या जागी घ्यावी, जादा म्हणून घेऊ नये. प्रथम एवढे तीन पदार्थ हातात बसू द्या. मुलांना मका धुवायला आणि गोळे दाबायला बसवा. नाचोच्या पाकिटात काय नसते, हे त्यांना न सांगताच कळेल.